कोळंबीच्या टरफलापासून सूक्ष्मजीवरोधक फिल्म: कच्च्या मालापासून चाचणीपर्यंत

कायटोसान म्हणजे कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनपासून मिळणारा, लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ. त्यापासून खाद्यपदार्थ गुंडाळायची, जैवविघटनशील फिल्म ओतणं अवघड नाही. पावडर पातळ आम्लात विरघळवायची, थोडं ग्लिसरॉल घालायचं, सपाट भांड्यात ओतून वाळवायचं. दोन दिवसांत पारदर्शक, किंचित पिवळसर पापुद्रा हातात येतो. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. कारखान्यातून येणारा उपपदार्थ दर खेपेला वेगळा असतो, त्यातून एकसारखा माल काढावा लागतो. आणि ही फिल्म जंतूंना खरोखर रोखते, हे स्वतःची फसवणूक न करता दाखवावं लागतं. पुढे सगळ्या पायऱ्या दिल्या आहेत, पण या दोन गोष्टींपाशी मी जास्त रेंगाळलो आहे. बहुतेक प्रयोग तिथेच घसरतात.

हे काम साधी रासायनिक प्रयोगशाळा आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राथमिक सोयी असलेल्या ठिकाणी होतं. घरच्या स्वयंपाकघरात ते करू नये. यात तीव्र अल्कली वापरावी लागते.

## सुरुवात पदार्थापासून करा

"आमच्याकडे टरफलं पडून आहेत, त्यांचं काय करता येईल?" हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. तो उलटा विचारायला हवा. कुठला पदार्थ गुंडाळायचा आहे? तो नेमका कशामुळे खराब होतो? आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) किती?

सामूचा प्रश्न आधी विचारण्याला कारण आहे. कायटोसानच्या साखळीवर अमाइन गट असतात. सामू साधारण ६.५ च्या खाली असला की हे गट प्रोटॉन घेऊन धनभारित होतात. जिवाणूंच्या पेशींचा पृष्ठभाग ऋणभारित असतो. दोन्ही एकमेकांना चिकटतात, पेशीपटलाची घडी विस्कटते आणि आतला माल बाहेर झिरपू लागतो. सामू वाढला की भार जातो आणि त्याबरोबर ही ताकदही. म्हणून ५ ते ५.५ सामूच्या चीजवर किंवा आंबट फळाच्या फोडीवर जी फिल्म चांगली चालते, तीच दुधाच्या ६.६-६.७ सामूजवळ मलूल पडते. मीठ आणि प्रथिनंही या भाराला झाकोळतात. भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा पदार्थ तर जंतूंमुळे खराब होतच नाही, त्याला खवटपणा येतो. तिथे ऑक्सिजन अडवणारं आवरण लागतं, सूक्ष्मजीवरोधक द्रव्य घालणं वाया जातं.

या लेखापुरतं मी चीजच्या कापांमध्ये घालायची फिल्म डोळ्यांसमोर ठेवली आहे. सामू योग्य आहे, फिल्म पदार्थाला थेट चिकटून राहते, आणि खराबी पृष्ठभागावरच्या बुरशीपासून आणि यीस्टपासून सुरू होते.

## कुठला उपपदार्थ निवडायचा

पर्याय बरेच आहेत. चीज कारखान्यात १ किलो चीजमागे साधारण ९ किलो व्हे (चीज करताना वेगळं होणारं पाणी) उरतो. त्यातल्या प्रथिनांची ८-१० टक्के द्रावणं ९० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवली की रेणू उलगडून एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जोडले जातात आणि चांगली फिल्म देतात. रस काढल्यावर उरलेल्या लिंबूवर्गीय फळांच्या सुक्या सालीत २० ते ३० टक्के पेक्टिन असतं. उसाच्या चिपाडात ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं, त्यापासून केलेले नॅनोतंतू दुसऱ्या कुठल्याही फिल्मला बळकटी देतात. पण व्हे, पेक्टिन आणि सेल्युलोज यांच्यात स्वतःची जंतुरोधक ताकद जवळपास नाही, ती बाहेरून घालावी लागते. कायटोसानमध्ये ती अंगचीच आहे. म्हणून मी पायासाठी टरफल निवडतो आणि जोडीला डाळिंबाच्या रसाच्या कारखान्यातून उरणारी साल घेतो.

शेलफिशची ॲलर्जी असलेल्यांचा प्रश्न पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. तो टाळायचा असेल तर कायटोसान बुरशीपासूनही मिळतं. सायट्रिक आम्लाच्या कारखान्यात ॲस्परजिलस नायजर या बुरशीचा जो लगदा उरतो, त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो यांना कायटिन पहिल्यांदा सापडलं तेही अळंबीत. शार्ल रूझे यांनी १८५९ मध्ये ते अल्कलीत उकळून आम्लात विरघळणारं रूप मिळवलं. आपण आज जी मुख्य क्रिया करतो ती तीच आहे.

## टरफलापासून कायटिन

सुक्या टरफलात ढोबळमानाने ३०-५० टक्के कॅल्शियम कार्बोनेट, ३०-४० टक्के प्रथिनं आणि २०-३० टक्के कायटिन असतं. जात, आकार आणि हंगामाप्रमाणे हे आकडे हलतात. म्हणून प्रत्येक खेपेचा ओलावा आणि राख मोजून वहीत नोंदवा. ही दोन मोजमापं स्वस्त आहेत आणि पुढच्या निम्म्या कोड्यांची उत्तरं त्यांत सापडतात.

टरफलं ताजीच हवीत. सोलल्यावर काही तासांतच त्यांतली विकरं आणि जिवाणू कामाला लागतात. लगेच सुकवता येत नसतील तर उणे २० अंशांवर गोठवा. आम्ही एकदा दोन दिवस उघड्यावर राहिलेला माल वापरला होता. कायटोसान निघालं, पण त्याचं द्रावण पाण्यासारखं पातळ होतं आणि फिल्म हात लावताच तडकत होती.

टरफलं धुवा, चिकटलेलं मांस काढा, ५०-६० अंशांवर सुकवा आणि १-२ मिलिमीटरपर्यंत दळा. त्याहून बारीक दळलं तर गाळताना कापड चोंदतं.

आता खनिजं काढायची. १०० ग्रॅम सुकी पावडर, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल दीड लिटर, खोलीचं तापमान, एक ते दोन तास सावकाश ढवळणं. दीड लिटर कुठून आलं? १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम कार्बोनेट धरलं तर ते ०.४ मोल झालं. त्याला ०.८ मोल आम्ल लागतं, म्हणजे ८०० मिलिलिटर. जवळपास दुप्पट घेतलं की क्रिया शेवटापर्यंत जाते. याच हिशेबाने ०.४ मोल कार्बन डायऑक्साइड निघतो, खोलीच्या तापमानाला तो सुमारे १० लिटर भरतो. भांडं निदान तिप्पट मोठं घ्या आणि पावडर चमच्याचमच्याने घाला, नाहीतर सगळा फेस टेबलावर येईल. आम्ल तापवू नका. त्याने कायटिनची साखळी तुटते. बुडबुडे थांबल्यावर गाळा आणि धुण्याचं पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

मग प्रथिनं. दर ग्रॅमला १०-१५ मिलिलिटर या प्रमाणात १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ७०-८० अंश, दोन ते तीन तास. द्रावण तपकिरी होतं. ते ओता, ताजं घाला, रंग येणं थांबेपर्यंत हे करा. प्रथिनं वेगळी वापरायची असतील तर ही पायरी आधी आणि आम्लाची नंतर घ्या. उरलेला गुलाबी रंग ॲस्टाझँथिनचा असतो, तो ॲसिटोनने निघतो. सोडियम हायपोक्लोराइटने रंग लवकर जातो, पण साखळीही दुखावते, म्हणून मी ते टाळतो. फिल्म थोडी पिवळसर राहिली तर बिघडत नाही.

सुकवल्यावर हाती येतं ते कायटिन. टरफलाच्या १५ ते २५ टक्के वजन मिळालं तर काम ठीक झालं. थोडं जाळून राख पाहा. ती १-२ टक्क्यांच्या वर असेल तर आम्लाची पायरी पुन्हा करा.

## कायटिनपासून कायटोसान

ही या वाटेवरची सर्वांत धोक्याची पायरी आहे. वजनाने ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, दर ग्रॅमला १०-१५ मिलिलिटर, १०० अंश, दोन ते चार तास. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, जाड रबरी हातमोजे, ॲप्रन आणि चालू फ्यूम हूड यांशिवाय हात घालू नका. अल्कली पाण्यात घालायची, पाणी अल्कलीवर कधीही ओतायचं नाही. विरघळताना द्रावण उकळीच्या जवळ जातं. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, त्यातून हायड्रोजन निघतो. काचही या द्रावणात झिजते. स्टेनलेस स्टील किंवा पॉलिप्रोपिलीन घ्या. डोळ्यात थेंब गेला तर तत्काळ वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं डोळा धरायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. हे सगळ्यांना आधीच माहीत असलं पाहिजे.

थंड झाल्यावर गाळा, सामू उदासीन होईपर्यंत धुवा, ५०-६० अंशांवर सुकवा. जास्त गरम केलं तर रंग गडद होतो आणि विद्राव्यता घटते.

गाळलेली तीव्र अल्कली फेकू नका, ताकद तपासून पुढच्या बॅचला काही अंशी वापरता येते. आम्ल आणि पातळ अल्कली यांची सांडपाणी एकमेकांना हळूहळू मिसळून उदासीन करा. प्रथिनांचा भार असलेलं पाणी प्रक्रिया न करता सोडलं तर पर्यावरणासाठी सुरू केलेल्या कामातूनच नवं प्रदूषण होतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. शेवटी फिल्मच्या जैवविघटनाचा आकडा मांडताना १ किलो कायटोसानमागे किती पाणी आणि किती अल्कली गेली, हा आकडाही शेजारी असायला हवा. लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी खनिजं आणि प्रथिनभंजक विकरांनी प्रथिनं काढण्याची पद्धत या बाबतीत सौम्य आहे. ती सावकाश चालते आणि माल थोडा कमी शुद्ध मिळतो, पण मोठ्या कामात तिचा विचार जरूर करा.

## ॲसिटिलमुक्तीचं प्रमाण मोजा

अल्कलीने कायटिनच्या साखळीवरचे किती टक्के ॲसिटिल गट निघून अमाइन गट मोकळे झाले, या एका आकड्यावर विद्राव्यता, ताणशक्ती आणि जंतुरोधकता तिन्ही टेकलेल्या आहेत. तो न मोजता पुढे जाऊ नका. सगळ्यांत साधा मार्ग टायट्रेशनचा. नीट सुकवलेलं ०.२ ग्रॅम कायटोसान २० मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळवा. सामूमापक लावून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. आलेखावर दोन उड्या दिसतात. पहिली जादा आम्ल संपल्याची, दुसरी अमाइन गट उदासीन झाल्याची. दोन्हींमधला फरक मिलिलिटरमध्ये घ्या. त्याला २.०३ ने गुणा. मग तोच फरक ०.००४२ ने गुणून त्यात नमुन्याचं ग्रॅममधलं वजन मिळवा. पहिल्या संख्येला दुसरीने भागलं की टक्केवारी मिळते. फरक ९.४ मिलिलिटर आला तर उत्तर सुमारे ८० टक्के.

फिल्मसाठी मी ८० च्या खालचं कायटोसान घेत नाही. कमी आलं तर अल्कलीची पायरी पुन्हा, पण एकाच लांब उकळीऐवजी धुऊन दुसरी छोटी उकळी द्या. साखळी कमी तुटते. शिवाय १ टक्का द्रावणाची श्यानता (दाटपणा) एकाच तापमानाला मोजून ठेवा. वेगवेगळ्या खेपा जुळवताना तिचा उपयोग होतो: घट्ट आणि पातळ बॅच मिसळून ठरवलेली श्यानता साधता येते.

## डाळिंबाच्या सालीचा अर्क

सालीची ताकद टॅनिनमध्ये आहे, मुख्यतः प्युनिकॅलाजिनमध्ये. साल ४०-५० अंशांवर सुकवून दळा. १० ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर ५०-६० टक्के इथेनॉलमध्ये काही तास हलवत ठेवा, गाळा, आणि कमी दाबाखाली ४५-५० अंशांवर इथेनॉल पूर्ण उडवा. उरलेलं गोठवून सुकवलं की तपकिरी पावडर मिळते. प्रकाश आणि ओलावा यांपासून दूर, थंड जागी ठेवा. फोलिन-सियोकाल्टो पद्धतीने एकूण फिनॉल (टॅनिन त्यांतच येतात) मोजा आणि अर्क वजनावर न घालता फिनॉलच्या प्रमाणावर घाला. एका खेपेच्या सालीत फिनॉल कमी असेल तर अर्क थोडा जास्त घालायचा. दरवेळी सारखीच फिल्म मिळण्याचं हे सगळ्यात मोठं गमक आहे.

लवंगेचं किंवा ओव्याचं तेलही चालतं. त्यांतलं युजेनॉल आणि थायमॉल बुरशीवर प्रभावी आहे. पण दोन अडचणी येतात. सुकवताना तेलाचा मोठा भाग हवेत जातो, आणि चीजला लवंगेचा वास लागतो. तेल वापरायचंच असेल तर पॉलिसॉर्बेट ८० घालून वेगवान होमोजिनायझरने इमल्शन करा. लवंगेचं तेल पाण्याहून जड असतं, इमल्शन कच्चं राहिलं तर ते फिल्मच्या तळाशी थेंबांनी बसतं.

## द्रावण आणि ओतणं

२०० मिलिलिटरची एक बॅच अशी: कायटोसान ३ ग्रॅम, ॲसेटिक आम्ल १ टक्का, ग्लिसरॉल ०.७५ ग्रॅम, सालीचा अर्क १ ग्रॅम.

कायटोसान आम्लाच्या पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा, न विरघळलेले कण हेच पुढे फाटण्याचे बिंदू होतात. ग्लिसरॉल घाला. अर्क थोड्या पाण्यात विरघळवून, जोरात ढवळत, अगदी सावकाश घाला. टॅनिन आणि कायटोसान यांची ओढ जबरदस्त असते. घाई केली तर गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. याच कारणाने पेक्टिन थेट या द्रावणात मिसळू नका. ऋणभारित पेक्टिन आणि धनभारित कायटोसान यांचा चोथा होऊन बसतो. दोन्ही हवी असतील तर एकावर एक थर द्या. फॉस्फेट किंवा सल्फेट असलेले क्षारही टाळा.

मग निर्वात करून बुडबुडे काढा. ते शक्य नसेल तर द्रावण झाकून काही तास स्थिर ठेवा.

किती ओतायचं हे अंदाजाने ठरवू नका. ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेट्री डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. ६० मायक्रॉन जाडी हवी तर घनफळ ०.३८ घन सेंटिमीटर. घनता १.३५ धरली तर घनपदार्थ सुमारे ०.५२ ग्रॅम. वरच्या द्रावणात १०० मिलिलिटरमागे २.३७५ ग्रॅम घनपदार्थ आहे, म्हणून सुमारे २२ मिलिलिटर ओतायचं. अर्क नसलेल्या तुलनेच्या द्रावणात फक्त १.८७५ ग्रॅम असतो, तिथे २७ ते २८ मिलिलिटर लागतात. दोन्ही डिशमध्ये सारखंच आकारमान ओतलं तर एक फिल्म पातळ निघते, आणि मग ताणशक्तीतला फरक अर्काचा की जाडीचा, हे कधीच कळत नाही.

टेबल पाणसळीने सपाट करा. ४० अंशांवर २४ ते ४८ तास वाळवा. फिल्म अलगद सोलून, ठरावीक आर्द्रतेत दोन दिवस ठेवा. मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण असलेला डेसिकेटर (घट्ट झाकणाचं काचेचं भांडं) सुमारे ५३ टक्के आर्द्रता देतो. त्याआधी केलेलं कुठलंही मोजमाप ग्राह्य धरू नका, कारण या फिल्ममध्ये ग्लिसरॉलनंतर पाणी हेच दुसरं प्लास्टिसायझर, म्हणजे फिल्म लवचिक ठेवणारं द्रव्य, असतं.

बिघाड ओळखायला फार वेळ लागत नाही. फिल्म ठिसूळ असेल तर ग्लिसरॉल कमी किंवा साखळी तुटलेली. चिकट असेल तर ग्लिसरॉल जास्त. मध्ये जाड आणि कडेला पातळ असेल तर टेबल तिरकं किंवा हवेचा झोत असमान. पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसले तर न विरघळलेलं कायटोसान किंवा टॅनिनच्या गुठळ्या.

## आम्ल ठेवायचं की घालवायचं

अशी वाळवलेली फिल्म कायटोसानच्या ॲसिटेट रूपात असते. जंतुरोधकता भरपूर, पण ओल्या पृष्ठभागावर ती फुगते आणि विरघळू लागते. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काही मिनिटं बुडवून धुतली तर पाण्यात टिकते. मात्र धनभार जातो आणि बराच अर्कही धुऊन निघतो.

दोन्ही हवं असेल तर वेगळी रचना करावी लागते. चीजसाठी मला आवडलेला मार्ग असा: पदार्थाकडची बाजू ॲसिटेट रूपात, बाहेरच्या बाजूला मेणाचा पातळ थर. आम्लधर्मी, कमी ओल्या पदार्थाला तो पुरतो. ताज्या मासळीसारख्या ओल्या पदार्थाला पुरत नाही.

## जंतुरोधकता: इथे सर्वाधिक सावध राहा

वरच्या द्रावणाचा हिशेब करून पाहा. १ टक्का ॲसेटिक आम्ल म्हणजे सुमारे ०.१७५ मोलर. ८० टक्के ॲसिटिलमुक्त कायटोसानच्या १.५ टक्के द्रावणात अमाइन गट असतात सुमारे ०.०७ मोलर. म्हणजे आम्ल गरजेच्या अडीचपट आहे. वाळताना त्यातलं काही उडतं, बाकी फिल्ममध्ये राहतं. आणि ॲसेटिक आम्ल हे स्वतःच जंतुनाशक आहे. अनेक चाचण्यांत जिवाणूंच्या थरात जी सुंदर मोकळी वर्तुळं दिसतात, ती कायटोसानची नसून उरलेल्या आम्लाची असू शकतात. इथेनॉल पूर्ण उडवलं नसेल तर तेही हेच करतं.

म्हणून पाच नमुने एकाच वेळी चालवा. काहीच नसलेलं माध्यम, साध्या पॉलिइथिलीनचा तुकडा, अर्काशिवायची कायटोसान फिल्म, अर्कासह फिल्म, आणि तितक्याच सामूपर्यंत ॲसेटिक आम्ल घातलेलं माध्यम. पाचवा नमुना जवळपास कुणी ठेवत नाही, आणि तोच खरं काय ते सांगतो. द्रावणात आम्ल ०.५-०.६ टक्क्यांवर आणलं तरी कायटोसान विरघळतं, थोडा जास्त वेळ लागतो. मी तेच सुचवतो.

चकती आणि वर्तुळ ही पद्धत इथे फक्त चाचपणीसाठी वापरा. कायटोसानचा रेणू मोठा असल्याने तो अगारमधून (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमातून) पसरत नाही. वर्तुळ न दिसताही फिल्मच्या खाली वाढ पूर्ण थांबलेली असू शकते, फिल्म उचलून तिथे पाहा. खरा आकडा मोजणीतून येतो. आयएसओ २२१९६ पद्धतीत ५ सेंटिमीटरच्या चौकोनावर जिवाणूंचं द्रावण ठेवून ३५ अंशांवर २४ तासांनी जिवंत पेशी मोजतात. पण विरघळणाऱ्या फिल्मला ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही, त्यासाठी हलत्या फ्लास्कची पद्धत बरी. मोजणीच्या वेळी पेशींसोबत आलेलं द्रव्य अगारवरही वाढ रोखतं, म्हणून लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट असलेल्या निष्प्रभ करणाऱ्या माध्यमात आधी नमुना मिसळा.

निकाल लॉगमध्ये लिहा, १ लॉग म्हणजे दहापट घट. ९९ टक्के घट ऐकायला मोठी वाटते, पण १० लाख पेशींपैकी १० हजार उरल्या तरी ती ९९ टक्केच असते, म्हणजे २ लॉग. १० लाखांच्या हजारावर आल्या तर ३ लॉग. जिवाणूंमध्ये एश्चेरिशिया कोलायची निरुपद्रवी प्रयोगशाळा-जात आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस यांना जैवसुरक्षेची दुसरी पातळी लागते, ती सोय नसेल तर ऑरियस वगळा आणि मोनोसायटोजिनिसऐवजी लिस्टेरिया इनोक्युआ वापरा. आणि चीजसाठी बुरशी विसरू नका, पेनिसिलियमची एक जात हवीच.

## बाकीच्या चाचण्या

जाडी दहा ठिकाणी मोजा. ताणशक्ती आणि लांबण एएसटीएम डी ८८२ प्रमाणे, निदान पाच-सहा पट्ट्या. बाष्प-पारगम्यता एएसटीएम ई ९६ च्या कपाने: कपात निर्जल कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म, बाहेर ठरलेली आर्द्रता, दर तासाला वजन. कोरड्या हवेत कायटोसान ऑक्सिजन उत्तम अडवतं, पण बाष्प पॉलिइथिलीनपेक्षा कितीतरी जास्त सोडतं. हे लपवण्यासारखं काही नाही, त्यानुसार पदार्थ निवडायचा.

फिल्ममधून पदार्थात काय उतरतं हेही मोजावं लागतं. युरोपीय संघाच्या १०/२०११ या नियमात प्लास्टिकसाठी एकूण स्थलांतराची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे, आणि ४५०/२००९ हा नियम सक्रिय पॅकेजिंगसाठी आहे. मुद्दाम पदार्थात सोडलेलं द्रव्य त्या मर्यादेच्या हिशेबात वेगळं धरतात, पण ते खाद्यपदार्थात चालणारं असावं लागतं. ज्या बाजारात माल जायचा तिथले नियम सूत्र ठरवण्याआधी वाचा.

जैवविघटनाच्या बाबतीत एक नेहमीची चूक सांगतो. फिल्म मातीत पुरायची, आठवड्याने काढून वजन करायचं आणि "४० टक्के विघटन" लिहायचं. पण ग्लिसरॉल आणि ॲसिटेट फिल्म ओल्या मातीत नुसत्या विरघळूनही जातात. वजन घटलं म्हणजे सूक्ष्मजीवांनी ते खाल्लं असं होत नाही. विघटन सिद्ध होतं ते निघालेल्या कार्बन डायऑक्साइडवरून, आयएसओ १४८५५ प्रमाणे नियंत्रित कंपोस्टमध्ये. ईएन १३४३२ ची अट आहे: ६ महिन्यांत ९० टक्के विघटन, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त अवशेष नकोत. जंतू मारणारी फिल्म कंपोस्टमधल्या उपयोगी जंतूंनाही थोपवेल का, हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी उरलेल्या कंपोस्टमध्ये बिया रुजवून पाहायची चाचणी त्याच मानकात आहे. ती गाळू नका.

## पदार्थावर आणि नंतर यंत्रावर

प्रयोगशाळेतल्या पोषक द्रवमाध्यमात ३ लॉग घट देणारी फिल्म चीजवर १ लॉगही देत नाही, असं सर्रास होतं. मेद आणि मीठ आडवे येतात, आणि फिल्म टेकते तिथेच काम करते. म्हणून खऱ्या कापांवर, खऱ्या साठवणीच्या तापमानाला, दर वेळी तीन नमुने घेऊन चाचणी करा. दिवस ०, ४, ७, १४ आणि २१ ला एकूण जिवाणू, यीस्ट-बुरशी, सामू आणि वजनातली घट मोजा. सोबत चव घेणारी माणसंही हवीत. टॅनिनचा तुरटपणा यंत्राला कळत नाही.

मोठ्या प्रमाणावर जाताना लक्षात ठेवा, कायटोसान वितळत नाही, वितळण्याआधीच त्याचं विघटन होतं. पॉलिइथिलीनसारखी फुगवून फिल्म काढणाऱ्या यंत्रावर ते चालणार नाही. पट्ट्यावर सुरीने पसरून वाळवण्याची पद्धत चालते, पण पाणी उडवायला ऊर्जा फार लागते. सगळ्यात लवकर उपयोगात येणारा मार्ग कागदावर किंवा पुठ्ठ्यावर पातळ लेप देण्याचा आहे. ताकद कागद देतो, जंतुरोधकता लेप देतो, आणि कायटोसान कितीतरी कमी लागतं.

प्रत्येक बॅचमधली काही फिल्म हवाबंद पिशवीत, अंधारात बाजूला ठेवा. ही फिल्म साठवणीत पिवळी पडते, कमी विरघळू लागते, आणि फिनॉल हळूहळू ऑक्सिडीकरण पावतात. तीन महिन्यांनी तीच जंतुरोधक चाचणी, त्याच पाच नमुन्यांसह, पुन्हा करा. आवेष्टनावर छापायची मुदत त्या दुसऱ्या आकड्यावरून काढायची.